डोळे मिटून वर केलेला हात

माझा हात त्या बुधवारी डोक्याच्या वर गेलाच नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. गेला असेल तो कानाच्या पाळीपर्यंत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ कान खाजवतोय. एवढ्याशा हातावर पुढे जो डोलारा उभा राहिला, तो पेलायला पैलवानाचे दोन्ही हात कमी पडले असते.

आमच्या मंडळीची प्रार्थनासभा बुधवारी संध्याकाळी भरते, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. लोखंडी घडीच्या खुर्च्या, पाळकसाहेबांच्या बोलण्यापुढे दमून मागे पडणारं एक घड्याळ, आणि कोपऱ्यात पियानो. त्याची एक पट्टी खाली गेली की वर यायचं विसरते. आधी गाणं, मग वचन, मग विनंत्या. कोणाचा गुडघा, कोणाच्या मुलाची मुलाखत, कोणाच्या भाडेकरूचं हृदयपरिवर्तन. हे सगळं मोठ्याने, नावानिशी. सगळ्यात शेवटी पाळकसाहेब आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "आता सर्वांनी डोळे मिटा. ज्यांची विनंती बोलून दाखवण्यासारखी नाही, त्यांनी नुसता हात वर करा. मी पाहीन आणि प्रभू पाहील."

पाहणारे दोनच, तिसरा नाही. असा करार आहे. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो, त्यामुळे करार म्हटला की माझा त्यावर विश्वास बसतो. इतकी वर्षं मी त्या क्षणी डोळे मिटून बसलो आणि कधी पापणीची फटही केली नाही. उलट मनात म्हणायचो, बिचारे, कोण असतील ते हात वर करणारे. स्वतःबद्दल अशी शंका येण्याचं कारण नव्हतं. रविवारच्या उपासनेत मंडळीच्या वतीने मध्यस्थीची प्रार्थना करणारा मीच. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, राज्यकर्त्यांसाठी मी मागायचो आणि मंडळी आमेन म्हणायची.

तर विनंती काय होती, तेही सांगून टाकतो. मला प्रार्थना येईनाशी झाली होती.

शब्द येत होते. शब्दांचं काय, ते नळाला पाणी नसतानाही नळातून येणाऱ्या आवाजासारखे येतच राहतात. पण विहिरीत पोहरा सोडावा, दोर सरसर सुटत जावा, आणि खाली पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं होतं. दोर मात्र संपत नव्हता. बरं, यामागे काही घडलं म्हणावं, तर तसंही नाही. कोणी गेलं नाही, काही बुडालं नाही, डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी तिच्या घरी सुखात. आमच्या कचेरीत नुकसानीचं कारण लागतं. पाणी, आग, चोरी, गेला बाजार मालकाचा निष्काळजीपणा. कारण नसलेला दावा मी स्वतः डोळे झाकून नामंजूर करतो. आता माझाच दावा असा निघाला. दुःखाला कारण असलं म्हणजे त्याला चारचौघांत खुर्ची मिळते, माझं आपलं दाराशी उभं.

आणि खरी भीती वेगळीच होती. आमच्या घरी रोज संध्याकाळी चहाच्या कपबशा विसळून झाल्या की मी आणि बायको जेवणाच्या टेबलाशी बसतो. मी वचन वाचतो, मोठ्याने प्रार्थना करतो, ती शेवटी आमेन म्हणते. तिचं आमेन फार सुरेख. दार लोटून घेताना कडी जशी हलकेच बसते, तसं. मला वाटायचं, या बाईचा विश्वास माझ्या या रोजच्या प्रार्थनेला टेकून उभा आहे, आणि आपण आतून वाळवी लागलेला खांब. तिला कळलं तर ती टेकणार कशाला? म्हणून मी प्रार्थना लांबवायला लागलो. पोकळ वस्तूला रंग जास्त लागतो, तशी विशेषणं जास्त लागली. ती इस्त्री करताना पूर्वी उपासनेतली गाणी गुणगुणायची. अलीकडे तिच्या आईकडून आलेल्या कुठल्याशा ओळी तिच्या ओठांवर असायच्या.

दाराशी गं कोण उभं, पाऊल तर वाजेना;
हाक मारू म्हणे मन, नाव ओठाशी येईना.

ऐकायला गोड वाटायचं. मी शर्टाची वाट पाहत ऐकायचो.

तर त्या बुधवारी हात वर गेला. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू तुमचे हात पाहतो." मग आमेन झालं. आमच्याकडे आमेन होण्याची एक खास रीत आहे. प्रार्थना संपायच्या आधीच मागच्या रांगेतून ते येतं. मागच्या रांगेत आमेनकाका बसतात. ते निवृत्त बस-कंडक्टर. थांबा यायच्या आत नाव पुकारायची हयातभराची सवय. पाळकसाहेबांचा सूर जरा उताराला लागला की काका आमेन पुकारतात, आणि सगळी मंडळी उतरायच्या तयारीला लागते.

सभेनंतर चहा असतो. एक कप, दोन बिस्किटं, हे प्रमाण आमच्या मंडळीत धर्मसिद्धान्ताइतकं पक्कं. त्या दिवशी माझ्या बशीत चार बिस्किटं आली. वर पाहिलं, तर चहा देणाऱ्या बाईंचे डोळे भरलेले. मग एकेक जण येऊन माझा हात दोन्ही हातांत धरू लागला. नुसतं दाबायचं आणि छताकडे बघायचं. मी करार आठवला. पाहणारे दोन. पाळकसाहेब तर अजून पियानोची पट्टी वर काढत होते. म्हणजे बातमी फुटली ती प्रभूकडूनच, असं धरावं लागत होतं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला बायकोभोवतीही बायकांचं कोंडाळं जमलं होतं. तिला सांगितलं वाटतं यांनी. पण घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "आज बिस्किटं जास्त केली होती का हो?" मी म्हणालो, "असतील." ती पुढे काही बोलली नाही, मीही बोललो नाही. त्या शांततेत मला हायसं वाटलं. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

दुसऱ्या दिवशी नर्समावशी आल्या. त्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या, पण रुग्ण त्यांच्यातून निवृत्त झाले नाहीत. आल्या आल्या त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"मावशी, मला काही झालं नाहीये."

"हात वर करणारे सगळे हेच म्हणतात. जीभ दाखवा."

दाखवली.

"झोपता कुठे?"

"खोलीत."

"एकाच?"

मी पट्ट्यासकट उठलो. "मावशी, हा काय प्रश्न झाला?"

"बसा. दाब वाढतोय. आणि पाठ कुठल्या बाजूला करून झोपता?"

मी दाराकडे, असं सांगितलं. कारण पंखा दाराकडे आहे. मावशींनी एक मोठा उसासा टाकला, पट्टा सोडला, आणि बायकोला घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. दार लावून घेतलं. आमच्या स्वयंपाकघराचं दार लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर आल्यावर बायकोचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, "काय म्हणत होत्या?" ती म्हणाली, "काही नाही. तुमची काळजी घ्या म्हणाल्या." आणि इस्त्री लावून बसली. त्या दिवशी तिने एकच शर्ट तीनदा इस्त्री केला.

खालच्या मजल्यावर वकील राहतात, तेही मंडळीतलेच. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "हे पाहा, मी सभासद म्हणून नाही, शेजारी म्हणून बोलतो. काही लिहून देऊ नका."

"कोणाला?"

"कोणालाच. सोफा कोणी घेतलेला?"

"दोघांनी."

"असं नसतं. पावती एकाच्याच नावावर असते." मग खांद्यावर हात ठेवून, फार मायेने, "देव क्षमा करतो हो. पण कोर्टाची गोष्ट निराळी."

आता माझ्या ध्यानात येऊ लागलं की मंडळीने माझ्या हाताला कारण शोधून दिलं होतं. मला जे इतके दिवस सापडत नव्हतं, ते त्यांनी एका संध्याकाळीत शोधलं. आम्ही नवरा-बायको वेगळे होतो आहोत. कोणीतरी सूप पाठवलं, तेही दोन निरनिराळ्या डब्यांत. एका डब्यावर माझं नाव, दुसऱ्यावर तिचं. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून आपापल्या डब्यातलं सूप प्यायलं. सूप चांगलं होतं. पण आपल्याच टेबलावर एवढं परकं मी कधी बसलो नव्हतो.

आणि आमेनकाका तर रोजच येऊ लागले, नेमके संध्याकाळच्या प्रार्थनेला. स्कूटर खाली लावायची, हेल्मेट घेऊन वर यायचं, तिसऱ्या खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "चालू द्या, मी आहे." म्हणजे जी पोकळी मी एका माणसापासून लपवत होतो, ती आता दोघांपासून लपवायची. माझी प्रार्थना आणखी लांबली. काका मध्येच आमेन म्हणायचे, मी पुन्हा सुरू करायचो, ते पुन्हा म्हणायचे. एकदा तर आम्ही राज्यकर्त्यांपाशी चार वेळा उतरलो.

जाताना ते मला जिन्यापर्यंत घेऊन जायचे. "भांडा," म्हणायचे.

"आमचं भांडण नाही हो काका."

"तेच चुकतंय. भांडता येतंय तोवर भांडून घ्या. समोरची खुर्ची रिकामी झाली की भांडणाचाही जम बसत नाही. मी पुष्कळ करून पाहिलं." मग हेल्मेट डोक्यात घालायचे, त्यामुळे पुढचं काही ऐकू यायचं नाही.

मला त्यांचा कंटाळा आला होता. तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही एवढंच, आणि त्याचंही मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

शेवटी मी मंडळीच्या सेक्रेटरींकडे गेलो. हे गृहस्थ मितभाषी. चर्चच्या एका लहानशा खोलीत, जुनी गीतपुस्तकं आणि तुटक्या खुर्च्यांच्या मध्ये त्यांचं टेबल. मी म्हणालो, "माझी विनंती मागे घ्यायची आहे."

"कुठली?"

"न बोललेली."

"ती काय होती?"

"न बोललेली होती."

"मग मागे काय घेणार?" ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचा लवलेश नव्हता. "एकदा मंडळी प्रार्थनेला लागली की थांबवायचे दोनच मार्ग. एक म्हणजे उत्तर मिळालं अशी उभं राहून साक्ष द्यायची."

"आणि दुसरा?"

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे भिंतीला शवपेटी ठेवायची लाकडी घोडी टेकवलेली होती.

"दुसरा आत्ता नको," ते म्हणाले. "आणि बरं झालं आलात. येत्या रविवारपासून मध्यस्थीची प्रार्थना दुसरं कोणी करील. तुम्ही विश्रांती घ्या."

"माझं काही चुकलं का?"

"छे. कमिटीला वाटतं, घरचं आधी."

इतकी वर्षं मी आजाऱ्यांसाठी मागितलं, आता स्वतःच आजाऱ्यांत जमा. गंमत पाहा. जी प्रार्थना मला येत नव्हती, जिच्या खोटेपणाने मला घास गोड लागत नव्हता, ती काढून घेतल्यावर मला भयंकर अपमान वाटला. माणसाला आपली रिकामी पिशवीसुद्धा कोणी ओढून घेतलेली चालत नाही.

"शिवाय," सेक्रेटरी म्हणाले, "शनिवारी दुपारी तुम्ही दोघं वर्गाला या. पाळकसाहेब स्वतः घेतात."

"कसला वर्ग?"

"विवाहपूर्व मार्गदर्शन."

"अहो, आमची मुलगी संसारी आहे."

"लग्नानंतरचा वर्ग मंडळीत नाही. ठराव करावा लागेल. तोवर हाच. जे लागू नसेल ते सोडून द्या."

"काय लागू नसेल?"

त्यांनी विचार केला. "लग्नाचा भाग."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं आणि कारण म्हणजे तीच वाळवी. मला वाटलं, बायको तरी नाही म्हणेल, चिडेल, पाळकबाईंना फोन करील. ती म्हणाली, "जाऊ या की." माझ्याकडे न बघता म्हणाली.

शनिवारी आम्ही गेलो. मुलांच्या रविवार-शाळेची खोली. भिंतीवर कापूस चिकटवलेली कागदी मेंढरं, त्यांतल्या एकाचा कापूस गळून नुसता पुठ्ठा उरलेला. खुर्च्या मुलांच्या. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. समोर दोन तरुण जोडपी, एकमेकांच्या बोटांशी खेळत. आम्हाला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती उमटली, ती मी विसरणार नाही. लग्नाचं असं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि आपल्या जोडीदाराचा एक गुण सांगायला सांगितला. एक तरुण म्हणाला, हिचं हसू. दुसरा म्हणाला, हिचं मन. माझी पाळी आली. मी म्हणालो, "हिचा विश्वास." हे मी मनापासून म्हणालो, कारण ते खरं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

बायकोचा हात माझ्या हातात एकदम गार पडला.

"आणि बाई, तुम्ही?"

तिने त्या पुठ्ठ्याच्या मेंढराकडे पाहिलं. मग म्हणाली, "यांची प्रार्थना."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? म्हणजे पाया शाबूत आहे. खरं सांगू, त्या बुधवारी तुमचा दोघांचा हात एकदमच वर गेला, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. नवरा-बायको शेजारी शेजारी बसलेत आणि दोघांचे हात वर."

"दोघांचे?" मी म्हणालो.

"दोघांचे?" ती म्हणाली.

तरुण जोडपी आमच्याकडे पाहू लागली. पाळकसाहेबही गोंधळले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, अख्ख्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी डोळे खरोखर मिटलेली माणसं म्हणजे हीच दोन, आणि म्हणूनच साऱ्या मंडळीत न कळलेली माणसंही हीच दोन. चहावालीपासून वकिलापर्यंत सगळ्यांनी दोन हात पाहिले होते. आम्ही मात्र एकमेकांना कोपर लागेल इतके जवळ बसून एकमेकांचा हात पाहिला नव्हता.

वर्ग कसा संपला मला आठवत नाही. रस्त्याला लागलो. दुकानांची दारं वर सरकत होती, दुपारची झोप पुसून माणसं बाहेर येत होती. बस-थांब्याच्या बाकावर ती बसली. मी बसलो.

"तू हात का वर केलास?"

"तुम्ही आधी सांगा."

"तू सांग."

"नाही. तुम्ही रोज मोठ्याने बोलता. आजही तुम्हीच बोला."

मग मी सांगितलं. पोहरा, विहीर, दोर, सगळं. राज्यकर्त्यांसाठी मागताना मनात इस्त्रीच्या शर्टांचा हिशेब चालतो, तेही सांगितलं. ती ऐकत होती. एक बस येऊन गेली. ती हसायला लागली. ते हसू ऐकायला बरं नव्हतं.

"माझंही तेच," ती म्हणाली. "केव्हापासून ते नका विचारू, मला नाही माहीत. एक दिवस गाणं म्हणायला गेले, तर गाण्यात कोणी नव्हतंच. मला वाटलं, माझं गेलं तर गेलं, यांचं आहे ना. यांच्या प्रार्थनेवर घर चाललंय. म्हणून रोज बसायची. तुम्हाला कळू नये म्हणून आमेन जरा नीट म्हणायची."

"मला वाटायचं, तुझं आमेन खरं आहे म्हणून मी ओढतोय."

"आणि मला वाटायचं, तुमची प्रार्थना खरी आहे म्हणून मी आमेन म्हणतेय."

"म्हणजे रोज संध्याकाळी आपण दोघं नुसतं नाटक करत होतो."

"एकमेकांसाठी."

"आणि प्रेक्षक?"

तिने पदराने ओठ पुसले. "प्रेक्षक आहे की नाही, तेच तर कळत नाहीये ना."

दुसरी बस आली, तीही गेली. तिने माझा हात धरला होता, वर्गातला तो धरायचा राहून गेलेला असावा तसा. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एक स्कूटर गेली. हेल्मेटमधल्या माणसाने आमच्याकडे वळून पाहिलं आणि स्कूटर खांबाला लागता लागता वाचली.

त्या संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. सवयीने बसलो. मी वचन उघडलं, मिटलं. ती म्हणाली, "आज डोळे उघडे ठेवू या." ठेवले. काही आलं नाही. मला तिच्या भांगातले पांढरे केस दिसले आणि तिला, मागाहून ती म्हणाली, माझ्या कॉलरवरचा चहाचा डाग. वर्षानुवर्षं प्रार्थनेच्या वेळी मी या बाईला पाहिलंच नव्हतं. जिन्यात आमेनकाकांचं पाऊल वाजलं नाही. त्या दिवशी ते आले नाहीत. बसल्या जागी आम्हाला ते जाणवलं. फोन मात्र आला, सेक्रेटरींचा. "उत्तर मिळालं असं कळलं. उद्या साक्ष द्या. थोडक्यात."

रविवारी मी खरंच उभा राहिलो. ठरवलं होतं, खरं ते सांगून टाकायचं. आयुष्यभर कारणं मागणाऱ्या माणसाने एकदा बिनकारणाचा दावा मांडावा. साऱ्या मंडळीचे हसरे, ओलसर चेहरे माझ्याकडे लागलेले. पहिल्या रांगेत नर्समावशींनी रुमाल तयार ठेवला होता. मी घसा खाकरला.

"मंडळी, आम्हा दोघांत कधी भांडण नव्हतंच."

"आमेन," मागच्या रांगेतून आलं.

झालं. थांबा पुकारला गेला. पियानो सुरू झाला, सगळे गायला उठले. वकिलांनी मला मिठी मारली. सोफा वाचला, असा भाव. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण गाण्यात माझं तोंड गाण्यासारखंच दिसत असणार. बायकोने माझी बाही ओढून मला खाली बसवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "त्यांना हवं ते उत्तर मिळालं."

मग पाळकसाहेबांनी, रविवार असूनही, बुधवारसारखा आवाज खाली आणला. "आता सर्वांनी डोळे मिटा. ज्यांची विनंती बोलून दाखवण्यासारखी नाही, त्यांनी हात वर करा."

आम्ही दोघांनी डोळे उघडे ठेवले.

साऱ्या सभागृहात डोळे उघडे होते. किलकिले, तिरके, बोटांच्या फटींतून, गीतपुस्तकाच्या आडून, आणि सगळे आमच्याकडे. आज यांचा हात जातो का, हे बघायला. आमची नजर त्यांच्या नजरांना भिडली, तशा त्या पापण्या धडाधड बंद झाल्या, वाऱ्याने खिडक्या आपटाव्यात तशा. मी मागे वळलो. मागच्या रांगेत, भिंतीच्या बाजूला, आमेनकाका बसले होते. शेजारच्या खुर्चीवर हेल्मेट. डोळे घट्ट मिटलेले, खरोखर मिटलेले, चेहरा लहान मुलाला इंजेक्शन देताना होतो तसा. आणि त्यांचा हात वर होता. कानापर्यंतच वर नव्हता. धावती बस थांबवावी, तसा सरळ, उंच होता.

ते रोज आमच्या तिसऱ्या खुर्चीवर का येऊन बसत होते, याचा विचार मी कधी केला नव्हता. मी फक्त कंटाळलो होतो.

पाळकसाहेबांची प्रार्थना उताराला लागली. संपली. आणि काही झालं नाही. आमेन आलं नाही. सगळी मंडळी मान खाली घालून तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत स्वतःहून उतरायची कोणाला सवयच नव्हती. पाळकसाहेब एकदा खोकले. मागे हात अजून वरच होता, आणि आता एकेक मान हळूच तिकडे वळू लागली.

तेव्हा मी "आमेन" म्हणालो. मोठ्याने. स्वतःलाच दचकवणारा आवाज निघाला. ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. ज्याच्यासाठी म्हणालो त्याचं मागणंही मला माहीत नव्हतं. त्याची छाननी मी केलेली नाही, करणारही नाही. काकांचा हात खाली आला एवढं मी पाहिलं.

चहाच्या वेळी बायको सरळ काकांच्या शेजारी जाऊन बसली आणि स्कूटरचं कौतुक करू लागली. "आज संध्याकाळी येणार ना?" ती म्हणाली. "मी खुर्ची काढून ठेवते." काका म्हणाले, "येतो की," आणि बशीतल्या बिस्किटांकडे पाहिलं. चार होती. त्यांतली दोन त्यांनी निमूटपणे ताटात परत ठेवली.

निघताना दाराशी नर्समावशींनी तिला गाठलं. खांद्याला खांदा लावून, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "काय गं, काकांचा हात पाहिलास ना? काय असेल?"

"नाही हो मावशी," बायको म्हणाली. "प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात ना आमचे."